‘द हॉबिट’चे पाचवे प्रकरण: एका पाठभेदाचा इतिहास

जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द हॉबिट’ ही मुलांसाठीची अद्भुत कादंबरी २१ सप्टेंबर १९३७ रोजी लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. आज दुकानात मिळणारे पुस्तक मात्र तंतोतंत ते नाही. १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या पाचव्या प्रकरणाचा उत्तरार्ध लेखकाने नव्याने लिहिला आणि १९६६ च्या तिसऱ्या आवृत्तीत इतर अनेक ठिकाणी हात फिरवला. बहुतेक बदल किरकोळ आहेत. पाचव्या प्रकरणातला बदल तसा नाही. त्यामुळे एका पात्राचा स्वभाव पालटला, खेळण्यासारख्या एका अंगठीचे संकट झाले आणि पुढे आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकादंबरीचा नैतिक पाया घातला गेला.

टॉल्किन ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते. १९३० च्या आसपास उन्हाळ्यात परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेले पान समोर आले आणि त्यावर त्यांनी हॉबिटविषयीचे पहिले वाक्य लिहिले, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. हॉबिट म्हणजे काय हे त्या वेळी त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. नॉर्थमूर रोडवरच्या घरात मुलांना सांगता सांगता गोष्ट वाढत गेली. सुरुवातीच्या हस्तलिखितात मांत्रिकाचे नाव ब्लॅडॉर्थिन होते आणि गॅन्डाल्फ हे नाव बुटक्यांच्या म्होरक्याला दिलेले होते. ड्रॅगनचे नाव प्रिफ्टन होते. गोष्टीचा नायक बिल्बो याच्या तोंडी गोबीच्या वाळवंटाचा आणि चीनचाही उल्लेख होता. छापण्यापूर्वीच ही नावे गेली आणि पृथ्वीच्या नकाशावरचे गोबी जाऊन एक अनामिक शेवटचे वाळवंट आले. थोडक्यात, हे पुस्तक छापले जाण्याआधीपासूनच आपल्या जगापासून दूर सरकत होते.

१९३६ मध्ये हस्तलिखित प्रकाशकांकडे गेले. मुलांच्या पुस्तकाचा खरा पारखी मूलच, असे प्रकाशनसंस्थेचे प्रमुख स्टॅन्ली अनविन यांचे मत होते. त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले. लेखी अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला. अभिप्राय अनुकूल होता. पहिल्या मुद्रणाच्या १५०० प्रती डिसेंबरपर्यंत संपल्या आणि लगेच दुसरे मुद्रण काढावे लागले. १९३८ मध्ये अमेरिकन आवृत्तीही आली.

या पुस्तकातला बिल्बो बॅगिन्स हा सुखवस्तू, घरकोंबडा हॉबिट. तेरा बुटके आणि मांत्रिक गॅन्डाल्फ त्याला ड्रॅगनने लुबाडलेला खजिना परत मिळवण्याच्या मोहिमेवर ओढून नेतात. पाचव्या प्रकरणात गॉब्लिनांच्या भुयारात तो एकटा पडतो. अंधारात चाचपडताना हाताला एक अंगठी लागते, ती तो न पाहताच खिशात टाकतो. पुढे जमिनीखालच्या तळ्याकाठी त्याला गॉलम नावाचा प्राणी भेटतो. दोघे कोड्यांची पैज लावतात. पर्वत, वारा, अंधार, अंडे, मासा, काळ ही कोडी १९३७ आणि १९५१ या दोन्ही पाठांत तीच आहेत. कोडी संपल्यावर बिल्बोला काही सुचेनासे होते आणि तो आपल्याच खिशात काय आहे असे विचारून बसतो, गॉलमला उत्तर येत नाही, हेही दोन्हीकडे सारखे. फरक आहे तो पैजेत, आणि पैज संपल्यावर जे घडते त्यात.

१९३७ च्या पाठात पैज अशी: बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार, जिंकला तर त्याला एक भेटवस्तू देणार. ही भेटवस्तू म्हणजेच ती अंगठी. गॉलमला ती कधीकाळी वाढदिवसाला मिळालेली असते आणि ती बोटात घातली की माणूस अदृश्य होतो. हरल्यावर गॉलम आपल्या बेटावर जाऊन ती प्रामाणिकपणे शोधतो. सापडत नाही तेव्हा तो बिल्बोची पुन्हापुन्हा माफी मागतो. फसवायचा इरादा नव्हता, भेट खरोखर द्यायची होती, असे सांगतो आणि त्याऐवजी मासे पकडून देऊ करतो. बिल्बोला एव्हाना उमगलेले असते की हरवलेली वस्तू आपल्याच खिशात आहे. पैज जिंकल्यामुळे ती तशीही आपलीच झाली असती, अशी तो मनाची समजूत घालतो, गप्प बसतो आणि भेटीच्या बदल्यात बाहेरचा रस्ता दाखवायला सांगतो. गॉलम त्याला बोगद्यांची वळणे मोजत वाटेपर्यंत पोहोचवतो आणि दोघे निरोप घेतात.

मुलांच्या गोष्टीत हे सगळे नीट बसते. गॉलम भयंकर आहे, पण नियम पाळणारा आहे. लोककथांतले राक्षसही शब्दाला जागतात, त्याच जातीचा तो आहे. अंगठीही लोककथेतलीच, नायकाला उपयोगी पडणारी आणि त्याहून अधिक काही न मागणारी. पुढे कोळ्यांशी लढताना आणि एल्फांच्या तुरुंगातून बुटक्यांना सोडवताना बिल्बो ती वापरतो. मोहीम संपवून तो घरी परततो आणि नकोसे पाहुणे आले की ती बोटात घालतो. १९३७ मध्ये या अंगठीला इतिहास नव्हता आणि तिला तो हवाही नव्हता.

तो लागला उत्तरकथेमुळे. पुस्तक खपते आहे हे पाहून स्टॅन्ली अनविन यांनी हॉबिटांची आणखी एक गोष्ट मागितली. टॉल्किन यांचे मन ‘द सिल्मरिलियन’ या पुराणकथांच्या ग्रंथात होते, पण ती हस्तलिखिते प्रकाशकाला नको होती. १९ डिसेंबर १९३७ रोजी त्यांनी नव्या गोष्टीचे पहिले प्रकरण लिहून झाल्याचे कळवले. दोन गोष्टींना जोडणारा दुवा शोधताना त्यांची नजर अंगठीवर गेली. आधी ती कथा पुढे नेण्याचे एक निमित्त होते. हळूहळू मात्र ती जगावर सत्ता गाजवू पाहणाऱ्या सॉरॉनची अंगठी ठरली. सॉरॉन म्हणजे ‘हॉबिट’मध्ये दूरवर, फक्त उल्लेखापुरता असलेला काळा जादूगार. त्याच्या अंगठीचे लक्षण असे की जो ती बाळगतो त्याला ती पोखरते आणि कुणालाही ती आपणहून सोडवत नाही.

आणि इथेच जुने पुस्तक आड आले. ज्या अंगठीपासून कुणाची सुटका नाही, ती गॉलम एका पैजेत भेट म्हणून कसा देऊ करतो? १९३८ च्या सुमाराच्या खर्ड्यांत टॉल्किन यांनी आधी कथा न बदलता उत्तर शोधले. गॉलम अंगठीला इतका विटला होता की तिच्यापासून सुटायला तो राजी होता, असे स्पष्टीकरण त्या खर्ड्यांतला गॅन्डाल्फ देतो. हे खर्डे पुढे त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. ते वाचताना लेखकाची ओढाताण जाणवते. स्पष्टीकरण अशक्य नव्हते, पण त्याने अंगठीची धार बोथट होत होती. गॉलमला ती सोडता येत असेल, तर नव्या कादंबरीचा नायक फ्रोडो याने ती नष्ट करायला आगीच्या पर्वतापर्यंत वाहून नेण्यात पणाला काय लागले?

महायुद्धाची वर्षे गेली. १९४७ च्या उन्हाळ्यात रेनर अनविन याने नव्या कादंबरीचा सुरुवातीचा भाग टंकलिखितात वाचला. शिलिंग मिळवणारा मुलगा आता ऑक्सफर्डचा विद्यार्थी होता. दोन पुस्तकांची सांधजोड ही नाजूक जागा आहे हे त्याच्या ध्यानात आले. ३१ जुलै १९४७ च्या पत्रात टॉल्किन यांनी कबूल केले की खरा उपाय ‘हॉबिट’चे पाचवे प्रकरण थोडे बदलणे हाच आहे, पण ते व्यवहारात शक्य वाटत नाही. दोन महिन्यांत मात्र त्यांनी ते लिहूनच पाहिले. २१ सप्टेंबर १९४७ रोजी पुस्तकातल्या बारीकसारीक चुकांच्या दुरुस्त्यांबरोबर त्यांनी त्या प्रकरणाचा नवा मजकूर नमुन्यादाखल प्रकाशकांकडे पाठवला. छापावा अशी विनंती नव्हती. मत हवे होते.

मत आले नाही. तीन वर्षे काही घडले नाही, आणि १९५० च्या उन्हाळ्यात नव्या आवृत्तीची मुद्रिते टॉल्किन यांच्या हाती पडली तेव्हा त्यांत नवे प्रकरण जुळवलेले होते. प्रकाशकांनी नमुना हीच दुरुस्ती मानली होती. त्या दिवसांत दोघांचे संबंध ताणलेले होते. ‘सिल्मरिलियन’ आणि नवी कादंबरी एकत्र छापली जावी या हट्टापायी टॉल्किन कॉलिन्स या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेकडे झुकले होते, आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कोण छापणार हे ठरलेले नव्हते. १ ऑगस्टच्या पत्रात त्यांनी आश्चर्य व्यक्त केले, विचाराला थोडा वेळ घेतला आणि सप्टेंबरात नवा पाठ स्वीकारला. इंग्रजी साहित्यातली एक महत्त्वाची दुरुस्ती अशा रीतीने, निम्मी गैरसमजातून, पक्की झाली. अर्थात लेखकाची खरी इच्छा काय होती हे १९४७ च्या पत्रांतून स्पष्ट दिसते. गैरसमजाने फक्त त्यांचा संकोच दूर केला.

१९५१ च्या पाठात पैजच वेगळी आहे. बिल्बो जिंकला तर गॉलमने त्याला बाहेरची वाट दाखवायची. भेटवस्तूचा प्रश्नच उरत नाही. हरल्यावर गॉलम बेटावर जातो, पण आता तो अंगठी आणायला जातो ती अदृश्य होऊन बिल्बोला ठार मारण्यासाठी. ती हरवल्याचे कळताच त्याची किंकाळी अंधारात घुमते आणि खिशातल्या वस्तूविषयीच्या प्रश्नाचा अर्थ त्याच्या ध्यानात येतो. तो धावून येतो, बिल्बो पळतो, खिशात घातलेल्या हाताच्या बोटात अंगठी आपसूक सरकते, आणि तो अडखळून पडतो. गॉलम त्याच्या बाजूने धावत निघून जातो. चोर बाहेर पडायची वाट जाणतो या समजुतीने तो दाराकडे जातो आणि अदृश्य बिल्बो त्याच्या बडबडीचा कानोसा घेत मागोमाग चालतो. जुन्या पाठात निरोप घेऊन परतणारा गॉलम इथे मागे राहतो तो बॅगिन्स या नावाला जन्मभराचा शाप देत.

दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले की टॉल्किन यांची कारागिरी दिसते. कोड्यांचा खेळ पवित्र आणि अतिप्राचीन आहे, त्यात लबाडी करायची नसते, हा विचार दोन्हीकडे आहे. जुन्या पाठात त्यावरून निघते ते असे की बिल्बोला भीतीचे कारण नव्हते, गॉलम खेळात कधीच फसवत नसे. नव्या पाठात तोच विचार कायम ठेवून निष्कर्ष उलटा काढला आहे: एवढा पवित्र नियम असूनही या प्राण्याचा भरवसा नाही. शिवाय नवा मजकूर एक कायदेशीर शंकाही नोंदवतो. खिशात काय आहे हे जुन्या रीतीने खरे कोडे नव्हतेच. म्हणजे जिंकणाराही पुरता निर्दोष नाही. जुन्या पाठात बिल्बोने अंगठीबद्दल बाळगलेले मौन हीच काय ती त्याची लबाडी होती. नव्या पाठात ती अधिक खोल रुजली. अंगठीचा उगम सांगतानाही अशा अंगठ्यांवर सत्ता असलेल्या धन्याचा पुसट उल्लेख नव्याने आला. १९५१ च्या वाचकाला तो धनी कोण हे कळण्याचा मार्ग नव्हता. तीन वर्षांनी कळणार होते.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग जुन्या पाठात मुळीच नाही. दाराशी गॉलम वाट अडवून बसलेला आहे. बिल्बो अदृश्य आहे, त्याच्या हातात तलवार आहे, पलीकडे सुटकेचा रस्ता आहे. मारणे सोपे आहे आणि शहाणपणाचेही वाटते. पण समोरचा निःशस्त्र आहे, त्याने अजून प्रत्यक्ष वार केलेला नाही, आणि तो एकटा आहे. त्या अंधारात, थंड दगडांमध्ये, आशेशिवाय गेलेली त्याची अगणित वर्षे बिल्बोला क्षणभर दिसतात. त्याला दया येते. तो तलवार चालवत नाही, गॉलमच्या डोक्यावरून अंधारात उडी मारतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या प्रकरणात फ्रोडो चिडून म्हणतो की बिल्बोने त्या नीच प्राण्याला तेव्हाच मारले असते तर बरे झाले असते. त्यावर गॅन्डाल्फ त्याला सांगतो की या दयेवर अनेकांचे भवितव्य ठरेल. कादंबरीच्या अखेरीस अगदी तसेच होते. आगीच्या पर्वतावर फ्रोडोचाही निग्रह ढळतो, अंगठी त्याला सोडवत नाही, आणि तेव्हा गॉलमच ती हिसकावून घेऊन खाली कोसळतो. तीन खंडांच्या या शेवटाचे मूळ १९४७ मध्ये नव्याने लिहिलेल्या त्या मोजक्या ओळींत आहे. १९३७ चा गॉलम जिवंत राहतो, पण त्याला कुणी जीवदान दिलेले नसते, कारण मारण्याचा प्रश्नच आलेला नसतो.

वाढदिवसाच्या भेटीचा धागा टॉल्किन यांनी टाकून दिला नाही. नव्या कादंबरीत कळते की गॉलम मूळचा स्मीगल, हॉबिटांच्याच नात्यातल्या कुळातला. नदीत अंगठी सापडली ती त्याच्या मित्राला, डीगॉलला. स्मीगलने वाढदिवसाची भेट म्हणून ती मागितली आणि मित्राचा गळा दाबून घेतली. पुढे भेट मिळाल्याचे तो स्वतःलाच सांगत राहिला. अशा रीतीने १९३७ मधला एक निरुपद्रवी तपशील खुन्याने स्वतःची केलेली समजूत झाला.

राहिला प्रश्न जुन्या आवृत्तीचा. तिच्या हजारो प्रती घराघरांत होत्या आणि त्यांतला मजकूर पुसता येणार नव्हता. सामान्य लेखकाने सुधारित आवृत्ती असे छापून हात झटकले असते. टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीला छोटी टीप जोडली: आता दिलेली हकिकत खरी आहे, आधीची हकिकत बिल्बोने मित्रांना सांगितलेली आणि स्वतःच्या रोजनिशीत लिहिलेली होती, आणि एरवी प्रामाणिक असलेल्या हॉबिटाने सत्य झाकावे ही मोठी सूचक गोष्ट आहे. १९५४ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या उपोद्घातात त्यांनी हे सविस्तर मांडले. बिल्बोला अंगठीवरचा आपला हक्क निर्विवाद ठरवायचा होता म्हणून त्याने ती भेट मिळाल्याचे सांगितले. गॅन्डाल्फला ते पटले नाही आणि त्याने खरे काढून घेतले. त्याच कादंबरीत पुढे एल्रॉन्डच्या सभेत बिल्बो सर्वांसमोर खरी हकिकत सांगतो आणि आधीच्या खोट्याबद्दल क्षमा मागतो. म्हणजे गॉलम ज्या शब्दाचा आधार घेतो तोच बिल्बोही घेतो. अंगठी दोघांनाही एकच खोटे बोलायला लावते. लेखकाची अडचण अशा रीतीने पात्राचा दोष झाली आणि तो दोष अंगठीच्या विषाचा पहिला पुरावा ठरला. १९३७ ची प्रत जपून ठेवणारा वाचकही नकळत कथेत ओढला गेला, कारण त्याच्याजवळ बिल्बोच्या खोट्याची छापील नोंद होती. आधुनिक कथासाहित्यात पाठभेदाचा इतका सर्जक उपयोग क्वचितच आढळतो.

या रचनेत एक सांधा मात्र उघडा राहिला. आजच्या ‘हॉबिट’च्या सहाव्या प्रकरणात बिल्बो बुटक्यांना भुयारातली हकिकत सांगतो ती नव्या पाठाला धरून, फक्त अंगठी वगळून. पुढे कोळ्यांच्या प्रसंगानंतर तो अंगठीचेही सांगतो. भेट मिळाल्याचे खोटे तो या पुस्तकात कुठेच बोलत नाही. ज्याने जुनी आवृत्ती पाहिलेली नाही, त्याला उपोद्घातातला आरोप कशाबद्दल आहे हे चटकन कळत नाही.

यशस्वी दुरुस्तीने लेखकाला आणखी मोठ्या दुरुस्तीचा मोह पडला. ८ मार्च १९३९ रोजी सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानातच टॉल्किन यांनी अद्भुतकथा ही केवळ मुलांची वस्तू नव्हे असे प्रतिपादन केले होते. त्यामुळे ‘हॉबिट’मधला मुलांशी लाडिक बोलणारा निवेदक त्यांना खटकू लागला. १९६० मध्ये त्यांनी संपूर्ण पुस्तक नव्या कादंबरीच्या गंभीर सुरात लिहायला घेतले. निवेदकाच्या मधल्या टिप्पण्या काढल्या, प्रवासातली अंतरे आणि दिवस जुळवायला घेतले. ट्रोलांच्या जागेपर्यंत बुटके थोड्या वेळात पोहोचतात आणि फ्रोडोला मात्र त्याच टप्प्याला कित्येक दिवस लागतात, अशा विसंगती त्यांना सलत होत्या. प्रवासातल्या रिव्हेन्डेल या मुक्कामापर्यंत मजकूर झाल्यावर त्यांनी तो एका परिचित बाईंना वाचायला दिला. लेखन उत्तम आहे, पण हे ‘हॉबिट’ नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. टॉल्किन यांनी काम सोडले, आणि ते योग्यच झाले. पाचव्या प्रकरणात घटना बदलल्या होत्या, आवाज तोच राहिला होता. इथे आवाजच जात होता.

तिसरी आवृत्ती कायद्याच्या गरजेतून आली. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एस बुक्सने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ परवानगीशिवाय स्वस्तात छापली. स्वामित्वहक्क पक्का करण्यासाठी सुधारित मजकूर हवा होता, म्हणून टॉल्किन यांनी ‘हॉबिट’ही पुन्हा तपासले. १९६६ ची ही आवृत्ती बारकाव्यांची आहे. तलवारी घडवणाऱ्या प्राचीन एल्फांना दिलेले नोम हे नाव गेले, कारण बागेतल्या बुटक्या पुतळ्यांची त्यातून आठवण येई, आणि तिथे पश्चिमेचे उच्च एल्फ आले. रानात पोलीस आणि नकाशे करणारे पोहोचत नाहीत हे वाक्य गेले. पहिल्या प्रकरणात गॅन्डाल्फ थंड कोंबडीबरोबर टोमॅटो मागत असे, तो आता लोणचे मागतो. टोमॅटो अमेरिकेतून आलेले, त्यांना मध्य-पृथ्वीवर जागा नव्हती. तंबाखू मात्र राहिली, आणि बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीची उपमाही राहिली. गॉलमच्या वर्णनात तो लहान आहे एवढे शब्द वाढवले गेले. आधीच्या मजकुरात त्याच्या आकाराचा उल्लेख नव्हता आणि १९६२ च्या स्वीडिश आवृत्तीसाठी तूवे यान्सन यांनी त्याला बिल्बोच्या कितीतरी पट मोठा, राक्षसासारखा रंगवला होता.

टॉल्किन २ सप्टेंबर १९७३ रोजी वारले. त्यानंतरची मुद्रणे मुख्यतः तिसऱ्या आवृत्तीवर आधारलेली आहेत. जुना पाठ अभ्यासकांपुरता उरला होता, तो डग्लस अँडरसन यांच्या १९८८ च्या सटीप आवृत्तीमुळे सर्वांना वाचायला मिळाला. १९६० चा अपुरा प्रयत्न जॉन रेटलिफ यांनी २००७ मध्ये मूळ हस्तलिखितांसह प्रसिद्ध केला, आणि २०१६ मध्ये हार्परकॉलिन्सने १९३७ च्या पुस्तकाची हुबेहूब प्रतिकृती काढली. तिच्या पाचव्या प्रकरणात गॉलम आजही माफी मागतो आणि बिल्बोला वाटेपर्यंत पोहोचवतो.